झोपेची उसनी गोळी



आपल्या या अंकात बेणे निवड, खोडवा व्यवस्थापन, माती परीक्षण, नाहीतर उसाचा दर यांवर लेख येतात. झोपेच्या गोळीवर कोणी लिहीत नाही. मलाही लिहावेसे कधी वाटले नसते. पण गेल्या हंगामात आमच्या घरात जो प्रसंग गुदरला, त्यानंतर गावात चौकशी केली तेव्हा ध्यानात आले की हा प्रकार घरोघर चालला आहे. म्हणून संपादकांकडे दोन पाने मागून घेतली.

आमचे थोरले बंधू आण्णा. वय ६८. शुगरचा आजार पंधरा वर्षांचा. पायाची आग होते म्हणून गॅबापेंटिन नावाची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा चालू होती. अंगाला खाज सुटते म्हणून सेटिरिझिनची गोळी ते मेडिकलमधून आपली आपणच आणीत. त्यातच पाच एकर अडसाली ऊस सतरा महिन्यांचा होऊन उभा. तुरा आला, दशी पडायला लागली, आणि मुकादम फोन उचलेना. रात्री बाराला लाईट आली की मोटर चालू करायला जायचे, दोनला येऊन आडवे व्हायचे, आणि मग पहाटेपर्यंत छपराकडे बघत पडायचे. असे पंधरा-वीस दिवस गेले.

शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितले, "आण्णा, ही घे अर्धी. मी रोज घेतोय. मेल्यागत झोप लागती बघ." त्यांनी प्रेमानेच दिली, यात शंका नाही. अर्धीची दोन दिवसांत एक झाली. चौथ्या दिवशी सकाळी आण्णा उठेनात. हलवून उठवले तर जीभ जड, बोलणे बरळल्यासारखे, हाताला मधूनच झटका येतोय, उभे केले तर झोकांड्या. वहिनी म्हणाल्या लकवा झाला. एकजण म्हणाला बाहेरचे आहे, लिंबू उतरा. आम्ही जीप काढून तालुक्याला नेले.

तिथल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. किडनीचा रिपोर्ट कुठे आहे? आणि घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या कुठे आहेत? वहिनींनी पिशवी पालथी केली. सात पाकिटे निघाली, चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली. रिपोर्ट घरी कपाटात होता, कारखान्याच्या बिलांच्या फायलीत. आठ महिन्यांपूर्वीचा. त्यावर क्रिएटिनिन १.९ लिहिलेले. आता तपासले तर २.६. आठ महिने तो कागद आमच्या घरात पडून होता आणि आम्हा भावांपैकी एकानेही तो वाचला नव्हता. "शुगर बरी आहे म्हणाले" म्हणून ठेवून दिला. पायाच्या आगीची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही तो कधी दाखवला नाही. दोष द्यायचा तर पहिला आमच्या घराला द्यावा लागेल.

आण्णा चार दिवसांत शुद्धीवर आले. वाटेत पडले नाहीत हे नशीब. मोटरीची विहीर आहे ती बिनकठड्याची.

आता हे झाले कसे, ते मी डॉक्टरांकडून दोन-तीनदा समजून घेतले. आपल्याला कळेल अशा भाषेत सांगतो.

समजा आपला कारखाना रोज २,५०० टन गाळणारा आहे. त्या हिशेबाने तोडीचा प्रोग्रॅम लागतो, त्या हिशेबाने गाड्या येतात. एके दिवशी मिल बिघडली आणि गाळप ७०० टनांवर आले. पण शेतकी खात्याला कोणी कळवलेच नाही. गाड्या रोजच्यासारख्या येतच राहिल्या. चार दिवसांत केन यार्ड भरून गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील. यात ऊसही खराब नव्हता आणि गाडीवानही चुकला नव्हता. गाळप कमी झाल्याची खबर प्रोग्रॅम लावणाराला पोचली नाही, एवढेच. मूत्रपिंडाचे आणि औषधाचे नेमके असेच आहे.

काही औषधे शरीरातून मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातात. गॅबापेंटिन त्यातलेच. मूत्रपिंड धड असेल तर साधारण साडेसहा तासांत रक्तातले हे औषध निम्म्यावर येते. मूत्रपिंडाचे काम ३० च्या खाली गेले की निम्मे व्हायला सरासरी ५२ तास लागतात. म्हणजे सकाळची गोळी निम्मीसुद्धा संपत नाही तोवर आणखी सहा गोळ्या पोटात गेलेल्या असतात. आण्णांना दिवसाला ९०० मिलिग्रॅम जात होते. त्यांच्यासारख्या मूत्रपिंडाला दिवसाकाठी २०० ते ७०० मिलिग्रॅम, तेही एकाच वेळेला, ही पुस्तकातली मर्यादा. त्यावर सेटिरिझिन, जिचा डोस अशा माणसात निम्मा करावा लागतो. आणि या दोन्हींच्या डोक्यावर शेजाऱ्याची झोपेची गोळी.

वर जो ३० चा आकडा आला तो ईजीएफआर या हिशेबाचा. आपल्या लोकांना क्रिएटिनिन माहीत असते, हा माहीत नसतो. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून मूत्रपिंडाची गाळप क्षमता काढतात, तो हा आकडा. ९० च्या वर असला तर सहसा चिंता नाही. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर मूत्रपिंडाचा जुना आजार धरतात. ३० च्या खाली गेला की जवळजवळ प्रत्येक औषधाचा पुन्हा विचार करावा लागतो. आण्णांचा २६ होता.

नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये, याचे एक उदाहरण देतो. पंचवीस वर्षांच्या गड्याचे क्रिएटिनिन १.२ आले तर त्याचा ईजीएफआर ८६ च्या आसपास भरतो. तेच १.२ बहात्तर वर्षांच्या म्हातारीचे आले तर आकडा ४८ निघतो. कागदावर दोघांचे क्रिएटिनिन सारखेच. म्हातारीच्या अंगावर मांसच थोडे, म्हणून तिचे क्रिएटिनिन मुळात कमी तयार होते आणि रिपोर्ट आपला बरा दिसतो. आपल्या आईचा, आजीचा रिपोर्ट हातात घेताना एवढे ध्यानात ठेवा.

आता कोणती गोळी जपून घ्यायची? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झोपेची गोळी म्हणून जी दिली जाते तेवढीच झोप आणते असे नाही. पायाच्या आगीसाठी, मणक्याच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन देतात. दोन्ही गुंगी आणतात आणि दोन्ही लघवीवाटेच जातात. स्नायू आखडले म्हणून बॅक्लोफेन देतात. मूत्रपिंड फार कमी झालेल्या माणसाला त्याच्या थोड्या गोळ्यांनीही भ्रम होऊ शकतो, शुद्ध हरपू शकते. ट्रामाडॉल ही जोरदार वेदनाशामक गोळी. तीही अशा माणसात साचते आणि झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. सर्दीच्या, खाजेच्या जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्याची लघवी अडते, प्रोस्टेट वाढलेली असेल तर विचारूच नका. अलीकडे झोपेसाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्यायची टूम निघाली आहे. मूत्रपिंड कमी असेल तर मॅग्नेशियमही शरीरात साठते. आणि गावोगावी फिरणाऱ्या वैदूंच्या पुड्या, ज्यांवर आत काय आहे ते लिहिलेलेच नसते, त्या तर घरातच आणू नयेत.

आता नेहमीच्या झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम वगैरे. या मुख्यतः यकृतात मोडतात. त्यामुळे "ती लिव्हरमधनं जाती, किडनीवाल्याला चालती" असे मेडिकलच्या काउंटरवर सर्रास ऐकायला मिळते. हे अर्धेच खरे आहे. मूत्रपिंड थकलेल्या माणसाचा मेंदू गुंगीच्या औषधाला हळवा होतो, त्यात वय झालेले, त्यात आधीच्या पाच-सहा गोळ्या. डायझेपामपासून शरीरात जे दुसरे द्रव्य तयार होते ते निम्मे व्हायला १०० तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे सोमवारी रात्रीची गोळी शुक्रवारी बांधावरून चालताना अजून अंगात असते. झोल्पिडेम लवकर उतरते, पण म्हाताऱ्या माणसाला ५ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. बायकांच्या शरीरातून ती सावकाश जाते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली बायकांसाठी तिचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. त्याच प्रशासनाने २०१९ साली बजावले की ही गोळी घेऊन माणसे झोपेत उठून चालतात, गाडी चालवतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. ज्याला रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जायचे आहे त्याने हे वाक्य दोनदा वाचावे. आणि वर संध्याकाळची बाटली असेल तर कोणतीच झोपेची गोळी घेऊ नये. याला अपवाद नाही.

हे वाचून कोणी घाबरून उद्यापासून गोळी फेकून देईल, तर तेही चूक होईल. महिनोन्‌महिने रोज घेतलेली अल्प्राझोलमसारखी गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करीत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. गॅबापेंटिनचेही तसेच. डायलिसिसवर असलेल्या सभासदांचे गणित आणखी वेगळे आहे, कारण काही औषधे डायलिसिसमध्ये धुऊन जातात आणि मग डोस डायलिसिसनंतर घ्यायचा असतो. त्यांनी आपल्या डायलिसिसच्या डॉक्टरांखेरीज कोणाचेच ऐकू नये, माझेसुद्धा.

काहीजण म्हणतील, म्हाताऱ्या माणसाने झोपायचेच नाही का? का उगाच भीती घालता? माझा झोपेच्या गोळीला विरोध नाही. मूत्रपिंडाचा आकडा माहीत असलेल्या डॉक्टरांनी, सगळी पाकिटे बघून, थोडक्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी लिहून दिली तर अवश्य घ्यावी. माझा विरोध उसन्या गोळीला आहे. आपण बियाणेसुद्धा शेजाऱ्याचे उसने घेताना चार प्रश्न विचारतो. कुठल्या प्लॉटचे, किती महिन्यांचे, काणी-गवताळ वाढ नाही ना? गोळी मात्र हातावर ठेवली की गिळतो.

आणि झोप का लागत नाही, हे कोणी विचारते का? मूत्रपिंडाच्या आजारात झोप मोडण्याची कारणे बहुधा त्या आजारातच असतात. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते. काहींचे कारण इतके साधे असते की लघवी सुटायची गोळी ते संध्याकाळी घेतात. ती सकाळी घेता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारले तरी पुष्कळांची रात्र सुधारेल. काहींचे पाय रात्री वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. अशा वेळी रक्तातले लोह तपासावे लागते, आणि खाजेच्या जुन्या गोळ्यांनी ही वळवळ वाढते. काहीजण घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकून जागे होतात. या रोग्यांत हे प्रमाण जास्त आहे आणि त्यांना झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडतो. तेव्हा घरच्या माणसांनी रात्री जरा कान देऊन ऐकावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. वहिनींनी सांगितले तेव्हाच आण्णांचे घोरणे आम्हाला कळले. इतकी वर्षे आम्ही त्याची चेष्टाच करीत होतो.

बाकीचे उपाय साधे आहेत. दुपारी चारनंतर चहा बंद. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको. रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी उठायची वेळ एकच. आणि झोप येत नसताना अंथरुणात तळमळत पडू नये, उठून ओसरीवर बसावे, डोळे जड झाले की परत जावे. हे ऐकायला फालतू वाटते. पण जगभरचे डॉक्टर आता जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच शिस्त सांगतात, शिकवून करून घेतात. आण्णांना तीन आठवडे लागले. पहिला आठवडा त्यांनी आम्हा सर्वांना शिव्या दिल्या.

ज्यांच्या वाट्याला अजून रात्रीची लाईट येते त्यांना "वेळेवर झोपा" हे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ, याची मला जाणीव आहे. दिवसा वीज मिळावी ही आपली जुनी मागणी आहे आणि सौर पंपाच्या योजनांमुळे काही भागात ती सुटूही लागली आहे. माझ्या मते ही मागणी पाण्यापुरती धरू नये. ती आरोग्याचीही मागणी आहे, आणि निवेदनात तसे लिहिले पाहिजे. तोवर निदान साठीच्या पुढच्या आणि शुगर-बीपी असलेल्या माणसाने रात्री दारे धरायला जाऊ नये. पोरांना पाठवावे, भावकीत पाळ्या लावून घ्याव्यात.

ऊस आणि मूत्रपिंड यांचा संबंध तसा दूरचाही नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरण्याताठ्या मजुरांत शुगर-बीपी काही नसताना मूत्रपिंडे निकामी होताना आढळली. कडक उन्हातले कष्ट आणि पाण्यावाचून राहणे हे त्यातले एक मोठे कारण मानतात. आपल्या फडातले कष्टही उन्हातलेच आहेत, आणि संध्याकाळी अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूठमूठ खाणारे आपल्यात कमी नाहीत. मूत्रपिंड बिघडवणाऱ्यांत त्या गोळ्यांचा नंबर वरचा आहे.

मेडिकल दुकानदार बंधूंनाही दोन शब्द. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल ही औषधे २०१४ च्या मार्चपासून एच-१ या परिशिष्टात आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, वेगळ्या रजिस्टरला रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा कायदा आहे. पाकिटावर लाल चौकटीत सूचना छापलेली असते. "आपलाच माणूस हाय" म्हणून पाकीट सरकवले जाते. पण आपला माणूस आहे म्हणूनच विचारा ना, की दादा, किडनीचा रिपोर्ट काय म्हणतो?

शेवटी कारखान्याविषयी. आपल्याकडे दरवर्षी आरोग्य शिबिर भरते. बीपी बघतात, शुगर बघतात, मान्यवरांचा सत्कार होतो, फोटो अहवालात छापून येतो. शिबिराला माझी नावे ठेवायची इच्छा नाही, त्यातून कित्येकांची शुगर पहिल्यांदा कळली. पण क्रिएटिनिनची तपासणी काही फार महाग नाही आणि लघवीतले प्रथिन तपासणे तर त्याहून सोपे. हे दोन्ही पन्नाशीच्या पुढच्या आणि शुगर-बीपी असलेल्या प्रत्येक सभासदाचे, त्याच्या घरच्या बाईमाणसाचे आणि तोडणीच्या टोळ्यांतल्या मजुरांचेही व्हावे. ईजीएफआरचा आकडा तारखेसह एका कार्डावर ठळक अक्षरात लिहून द्यावा. त्याच कार्डाच्या पाठीमागे चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे लिहायला जागा असावी. कोणत्याही डॉक्टरांकडे, कोणत्याही मेडिकलमध्ये ते कार्ड पुढे करता येईल. आमच्या घरात आम्ही असे कार्ड वहीच्या पुठ्ठ्यावर केले आहे आणि ते आण्णांच्या कोपरीच्या खिशात असते. त्यावर गेल्या महिन्याचा आकडा २८ आहे. सात पाकिटांची आता चार झाली आहेत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा म्हणून मी कारखाना कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे. ज्या सभासदांना तो पटत असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात तशी चिठ्ठी द्यावी.